पान आडवं सरकतं, मेनू अर्ध्या पानांवर हरवतो: वाचनालयाच्या साइटची दुरुस्ती कुठून सुरू करावी

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही उत्तर कशाबद्दल आहे ते कळेल. तालुक्याच्या गावातलं जुनं सार्वजनिक वाचनालय. साइट काही वर्षांपूर्वी एका सभासदाच्या मुलानं कॉलेजात असताना बांधून दिली, तो आता नोकरीसाठी बाहेर असतो. एकूण तेवीस पानं, साधी एचटीएमएल (पानाचा मजकूर आणि रचना लिहिण्याची भाषा), एकच सीएसएस फाइल (रंग, रुंदी, मांडणी ठरवणारी), वर्डप्रेस वगैरे काही नाही. तुम्ही मराठीच्या शिक्षिका, संगणकाचं शिक्षण नाही, पण शिकायची तयारी आहे. तक्रारी चार. मोबाइलवर अक्षरं बारीक दिसतात आणि पान आडवं सरकतं. मेनू पहिल्या पानावर चालतो, पण ‘उपक्रम’ विभागात गेलं की ‘पान सापडले नाही’ असं येतं. मेनूची उघडणारी यादी फोटोंच्या सरकत्या पट्टीमागे जाते. आणि काही फोटो तुमच्या संगणकावर दिसतात, साइटवर दिसत नाहीत. कार्यकारिणीत सूर असा, की हे सगळं टाकून नवीनच साइट करून घ्यावी.

टाकू नका. तेवीस साध्या पानांची साइट ही संस्थेसाठी चांगली गोष्ट आहे. ती लवकर उघडते, तिला दर महिन्याला अपडेट लागत नाहीत आणि तिच्यात बिघडण्यासारखं फार थोडं आहे. तुमच्या चार तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, पण त्यांतल्या मोठ्या तक्रारींच्या मुळाशी दोनच कारणं आहेत. मजकुरातला कुठला तरी एक खोका फोनपेक्षा रुंद आहे, आणि मेनू तेवीस ठिकाणी वेगवेगळा चिकटवलेला आहे. अशा साइटवर दोष जिथे दिसतो तिथे तो बहुतेक वेळा नसतो. म्हणून आधी जागा शोधायची, मगच हात लावायचा.

सुरुवात एका कंटाळवाण्या कामानं करा. होस्टिंगवरचं, म्हणजे साइट ज्या भाड्याच्या सर्व्हरवर ठेवली आहे तिथलं, सगळं फोल्डर जसंच्या तसं संगणकावर उतरवून घ्या, त्याला आजची तारीख द्या आणि त्याला पुन्हा हात लावू नका. दुसरी प्रत करून बदल तिच्यात करायचे, तेही एका वेळी एकच. एक बदल, एक तपासणी. पाच बदल एकदम केले आणि पान सुधारलं, तर कशानं सुधारलं ते कळत नाही. पान बिघडलं, तर कशानं बिघडलं तेही कळत नाही.

दुसरी गोष्ट ब्राउझरच्या साठवणीची. तुम्ही सीएसएस बदलता, साइटवर चढवता, पान उघडता आणि काहीच बदललेलं दिसत नाही. मग तुम्ही आणखी जोरात बदल करता. पुष्कळदा पहिलाच बदल बरोबर असतो, ब्राउझर जुनी फाइल दाखवत असतो. संगणकावर कंट्रोल आणि एफ५ एकत्र दाबा किंवा खासगी खिडकीत पान उघडून बघा. सभासदांच्या फोनमधली जुनी फाइल मात्र तुम्हाला पुसता येत नाही. त्यावर सोपा उपाय असा, की पानात जिथे सीएसएस फाइलचं नाव दिलंय तिथे नावाच्या शेवटी प्रश्नचिन्ह घालून आवृत्तीचा आकडा लिहायचा आणि प्रत्येक बदलाला तो एकानं वाढवायचा. ब्राउझर तिला नवी फाइल समजतो आणि नव्यानं आणतो.

आता आडवं सरकण्याकडे येऊ. यात दोन वेगळे दोष मिसळलेले असतात आणि ते वेगळे ओळखायला हवेत.

पहिला म्हणजे व्ह्यूपोर्टचा टॅग नसणं. टॅग म्हणजे कोनी कंसांत लिहिलेली एचटीएमएलची खूण, आणि व्ह्यूपोर्टचा टॅग फोनला पान किती रुंद धरायचं ते सांगतो. २००७ साली आयफोन आला तेव्हा जवळपास सगळ्या साइट संगणकासाठी बांधलेल्या होत्या. त्या फोनवर निदान दिसाव्यात म्हणून फोननं स्वतःला ९८० पिक्सेल रुंद मानायचं आणि सगळं पान लहान करून काचेत बसवायचं, अशी सोय केली गेली. ती सोय आजही आहे. पानाच्या डोक्यात, म्हणजे हेड भागात, ‘व्ह्यूपोर्ट’ नावाचा मेटा टॅग नसेल तर आजचा फोनही तसंच करतो. फोनच्या साधारण ३६० पिक्सेल रुंदीत ९८० पिक्सेलचं पान कोंबलं की अक्षरं मुंगीएवढी होणारच. टॅगमध्ये दोनच गोष्टी लिहायच्या: विड्थ बरोबर डिव्हाइस-विड्थ, आणि इनिशियल-स्केल बरोबर १. बोटांनी पान मोठं करायला मनाई करणारी जोड काही जण त्यात घालतात, ती घालू नका. वाचनालयाचे निम्मे सभासद चष्मेवाले असतात.

हा टॅग तेवीसही पानांत हवा. तो पहिल्या पानात असतो आणि आतल्या पानांत नसतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता तपासणी तिथूनच सुरू करतो.

टॅग घातल्यावर अक्षरं मोठी होतील आणि कदाचित पान आणखी जास्त आडवं सरकू लागेल. घाबरू नका. आधी झाकलेला दुसरा दोष आता उघडा पडलाय एवढंच: कुठला तरी खोका ३६० पिक्सेलांत मावत नाही. तो शोधण्याची माझी आवडती पद्धत अशी. सीएसएसच्या शेवटी तात्पुरता एक नियम लिहा. निवडीच्या जागी तारका (*), म्हणजे ‘सगळे घटक’, आणि नियमात आउटलाइन १ पिक्सेल सॉलिड रेड. पानावरच्या प्रत्येक खोक्याभोवती लाल रेघ येईल. इथे बॉर्डर वापरायची नाही, कारण बॉर्डर जागा खाते आणि मोजमापच बदलतं, आउटलाइन जागा खात नाही. मग क्रोममध्ये एफ१२ दाबा, फोनच्या चित्राचं बटण दाबून रुंदी ३६० ठेवा आणि पान वरून खाली सरकवत न्या. उजवीकडची लाल रेघ जिथे काचेबाहेर जाते तिथे गुन्हेगार आहे.

तो बहुधा यांपैकी कोणी निघतो. ‘आम्हाला कसे शोधाल’ या पानावरचा गूगलचा नकाशा. गूगल मॅप्सवरून चिकटवायला मिळणारी चौकट, काही निवडलं नाही तर, ६०० बाय ४५० पिक्सेलांची असते. यूट्यूबवरच्या व्याख्यानाची चौकट ५६० बाय ३१५. दोन्ही फोनपेक्षा रुंद. त्यांना मॅक्स-विड्थ १०० टक्के द्या. व्हिडिओला विड्थ १०० टक्के, हाइट ऑटो आणि अ‍ॅस्पेक्ट-रेशो १६/९ दिलं की तो पट्टीसारखा चपटाही होत नाही. फोटोंचंही तेच. फोननं काढलेला १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेल असतो. सीएसएसमध्ये सगळ्या चित्रांना मॅक्स-विड्थ १०० टक्के आणि हाइट ऑटो हे दोन शब्द दिले की ते काचेत बसतात. पण तेवढ्यावर थांबू नका. फोटो दिसायला लहान झाला तरी उतरवून घ्यावा लागतो पूर्ण आकारातच, आणि खेड्यातल्या सभासदाचा डेटा त्यात जातो. चढवण्याआधी फोटो १२०० पिक्सेल रुंदीपर्यंत लहान करून घ्या.

कार्यकारिणीचा तक्ता हा तिसरा नेहमीचा. अनुक्रमांक, नाव, पद, कालावधी, दूरध्वनी असे पाच रकाने ३६० पिक्सेलांत बसत नाहीत. तक्त्याला एका डिव्हमध्ये, म्हणजे मजकूर गुंडाळणाऱ्या साध्या खोक्याच्या टॅगमध्ये, ठेवा आणि त्या डिव्हला आडवा ओव्हरफ्लो ऑटो द्या. मग तक्ता आपल्या चौकटीत सरकेल, अख्खं पान सरकणार नाही. चौथा म्हणजे लांबलचक वेबपत्ता, जो कुठेच तुटत नाही. त्याला ओव्हरफ्लो-रॅप एनीव्हेअर द्यायचं. वर्ड-ब्रेक ब्रेक-ऑल हा उपाय अनेक ठिकाणी सांगतात. तो मराठी मजकुराला कधीही लावू नका. त्यानं ‘ग्रंथसंपदा’ ओळीच्या शेवटी वाटेल तिथे मोडते आणि वाचणाऱ्याला ठेच लागते.

पाचवं कारण जरा समजून घेण्यासारखं आहे, कारण ‘तिसरा रकाना खाली का पडतो’ याचंही उत्तर तेच. सीएसएसमध्ये खोक्याची रुंदी म्हणजे मूळ नियमानुसार फक्त आतल्या मजकुराची रुंदी. आतली मोकळी जागा, म्हणजे पॅडिंग, आणि बॉर्डर वरून वेगळी मोजली जाते. समजा ९६० पिक्सेलांच्या पट्टीत तीन रकाने एक तृतीयांश रुंदीचे, म्हणजे ३२० चे. प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी १५ पिक्सेल पॅडिंग आणि १ पिक्सेल बॉर्डर. मग प्रत्येक रकाना झाला ३५२ चा आणि तिघांची बेरीज १०५६. पट्टीत जागा ९६० ची, तेव्हा तिसरा रकाना खाली उतरतो. सीएसएसच्या सुरुवातीलाच सगळ्या घटकांना बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स द्या. पॅडिंग आणि बॉर्डर रुंदीच्या आत मोजली जातील आणि रकाने पुन्हा एका रांगेत येतील. तुमच्या साइटवर ‘नवीन पुस्तके’ची तिसरी चौकट खाली पडते असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. माझा अंदाज, हेच कारण.

एका मोहापासून मात्र सावध राहा. अख्ख्या पानाला गुंडाळणाऱ्या डिव्हला आडवा ओव्हरफ्लो हिडन द्या म्हणजे सरकणं थांबेल, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. सरकणं थांबतं हे खरं. पण जे काचेबाहेर होतं ते आता कापलं जातं, तक्त्यातला दूरध्वनीचा रकाना कोणालाच दिसत नाही. शिवाय वर चिकटून राहणारा स्टिकी मेनू असेल तर तो चिकटायचा थांबतो. गळक्या कौलाखाली बादली ठेवण्यातला हा प्रकार आहे.

लाल रेघांनीही दोष सापडला नाही, तर न बंद झालेला टॅग शोधा. बंद न केलेल्या डिव्हबद्दल ब्राउझर तक्रार करत नाही, तो स्वतःच अंदाजानं दुरुस्ती करून पुढे जातो. त्यामुळे वर सूचनाफलकात राहिलेली चूक खाली तळपट्टीत दिसते. एका नाट्यसंस्थेच्या साइटवर तळपट्टी उजव्या रकान्यात घुसत होती. तळपट्टीचं सीएसएस मी दोन संध्याकाळी उलटसुलट तपासलं. कारण निघालं वर्षभरापूर्वी घाईत चिकटवलेल्या तालमीच्या सूचनेत, तिथे एक शेवटचा डिव्ह कमी होता. तेव्हापासून मी आधी डब्ल्यू३सी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या ऑनलाइन तपासनीसाला पानाचा पत्ता देतो. तो चुकांची यादी काढतो. यादी चाळीस ओळींची आली तरी दडपून जाऊ नका, फक्त पहिली चूक दुरुस्त करून पुन्हा तपासा. खालच्या बऱ्याचशा तिच्यामुळेच आलेल्या असतात. तरीही जमलं नाही, तर प्रत घेऊन अर्धं पान काढून टाका. दोष गेला तर तो काढलेल्या अर्ध्यात, राहिला तर उरलेल्यात. पुन्हा अर्धं. दोनशे ओळींचं पान आठ वेळांत संपतं.

रकाने फ्लोटनं, म्हणजे खोके डावीउजवीकडे सरकवून शेजारी बसवणाऱ्या जुन्या सीएसएस पद्धतीनं, बांधलेले असतील, आणि सात-आठ वर्षांपूर्वीच्या साइटवर ते असतातच, तर आणखी एक. ज्या डिव्हच्या आत फक्त फ्लोट केलेले रकाने आहेत त्याची उंची शून्य धरली जाते. मागचा रंग नाहीसा होतो, पुढचा मजकूर वर चढतो. जुन्या काळी यावर ओव्हरफ्लो हिडन देत. आता डिस्प्ले फ्लो-रूट द्या. हा फरक लक्षात ठेवा, मेनूच्या वेळी लागेल.

मेनूच्या तुटक्या दुव्यांचं कारण मला जवळजवळ नक्की माहीत आहे. पहिलं पान मुख्य फोल्डरमध्ये आहे, ‘उपक्रम’ची पानं उपक्रम नावाच्या फोल्डरात. मेनू पहिल्या पानावरून उचलून तिथे चिकटवला. त्यात ‘संपर्क’चा दुवा नुसत्या फाइलच्या नावानं दिलाय. नुसतं नाव म्हणजे ‘मी जिथे आहे तिथेच शोध’. पहिल्या पानावरून ते बरोबर ठरतं. उपक्रम फोल्डरातलं पान मात्र ‘संपर्क’ची फाइल उपक्रमातच शोधतं, ती तिथे नसते. घरात कोणी सांगावं, ‘डबा फळीवर आहे’. स्वयंपाकघरात उभं असलात तर डबा सापडतो, ओसरीवर उभं असलात तर तिथली फळी धुंडाळत बसता.

उपाय म्हणजे पत्ता घराच्या दारापासून सांगायचा. मेनूतल्या प्रत्येक दुव्याच्या सुरुवातीला तिरकी रेघ (/) द्या. मग कुठल्याही फोल्डरातून तो साइटच्या मुळापासून मोजला जातो. दोन ठिकाणी हा उपाय फसतो, तेही सांगतो. साइट स्वतःच्या डोमेनवर नसून कोणाच्या तरी पत्त्याच्या पोटफोल्डरात असेल, तर मूळ म्हणजे त्या दुसऱ्याच्या साइटचं मूळ. आणि तुम्ही संगणकावरची फाइल दोनदा क्लिक करून उघडलीत, तर मूळ म्हणजे अख्खी सी ड्राइव्ह. तेव्हा सगळे दुवे तुटल्यासारखे दिसतील, प्रत्यक्षात तुटलेले नसतील. त्यासाठी व्हीएस कोड या फुकट संपादकात ‘लाइव्ह सर्व्हर’ नावाची फुकट जोड बसवा. ती तुमच्या संगणकावरच छोटा सर्व्हर चालवते आणि साइट जशी खरी चालेल तशी दाखवते. दुवे बघताना एखाद्याच्या सुरुवातीला ‘फाइल’ आणि ड्राइव्हचं नाव दिसलं, तर तो दुवा फक्त त्या मुलाच्या जुन्या संगणकावर चालत होता. तो लगेच बदला.

वर्डमधून उचललेल्या दुव्यांची खोड निराळी. वर्ड सरळ अवतरणचिन्हं आपोआप वळणदार करतं. एचटीएमएलला ती अवतरणचिन्हं म्हणून कळत नाहीत, ब्राउझर ती पत्त्याचाच भाग धरतो. दुवा दाबल्यावर वरच्या पट्टीत पत्त्याच्या आगेमागे टक्क्यांची विचित्र चिन्हं दिसली, तर हेच झालंय. पानाचा मजकूर वर्डमध्ये लिहा हवा तर, टॅग कधीच लिहू नका.

फोटो न दिसण्याचं कारणही पत्त्यातच आहे. विंडोजला नावातल्या कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत फरक वाटत नाही. होस्टिंगचा सर्व्हर बहुधा लिनक्सवर चालतो, त्याला वाटतो. कॅमेऱ्यानं ‘जेपीजी’ कॅपिटलमध्ये लिहिलं आणि पानात तुम्ही स्मॉलमध्ये लिहिलं, तर घरी फोटो दिसेल, साइटवर नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंच्या नावात तारीख, वेळ आणि मोकळ्या जागा असतात. काही आयफोनवाले सभासद एचईआयसी प्रकारचे फोटो पाठवतात, ते क्रोममध्ये उघडतच नाहीत, त्यांचं जेपीजी करून घ्यावं लागतं. नियम एकच ठेवा: फाइलचं नाव इंग्रजी स्मॉल अक्षरांत, आकडे चालतील, मोकळ्या जागेऐवजी आडवी छोटी रेघ (-).

नावं मराठीत का नको, असं तुम्ही मराठीच्या शिक्षिका म्हणून नक्की विचाराल, आणि विचारायलाच हवं. देवनागरी नाव चालतं, चुकीचं नाही. पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे वेबवर अक्षरं साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, तीन बाइटांचं असतं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह अधिक दोन अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरं. ‘व्याख्यानमाला’ या शब्दात काना आणि हलन्त धरून तेरा चिन्हं आहेत, त्याची ११७ अक्षरं होतात. दुवा कॉपी करून सभासदांच्या गटावर पाठवला की सगळे ‘हे काय आलंय’ म्हणून उघडायला घाबरतात. पानावरचं शीर्षक, मेनू, मजकूर सगळं अस्सल मराठीत ठेवा, फक्त फाइलचं नाव रोमन ठेवा.

आता फोटोंच्या पट्टीमागे जाणारी यादी. त्या मुलानं यादीला झेड-इंडेक्स, म्हणजे कोण कोणाच्या वर दिसेल ते ठरवणारा आकडा, ९९९९ दिलाय आणि तरी ती मागेच जाते, असं तुम्ही लिहिलंय. हा आकडा लाखांत नेला तरी फरक पडणार नाही. झेड-इंडेक्स फक्त आपापल्या घरात मोजला जातो. पहिल्या मजल्यावरच्या घरात माळ्यावर अगदी उंच ठेवलेला डबाही दुसऱ्या मजल्याच्या फरशीच्या खालीच असतो. यादी ज्या वरच्या पट्टीत आहे, त्या पट्टीला कमी आकडा दिलेला असेल किंवा तिला ऑपॅसिटी, ट्रान्सफॉर्म असं काही लावलेलं असेल, तर ती पट्टी म्हणजे पहिला मजला झाली. यादीचा आकडा सोडा, अख्ख्या वरच्या पट्टीला पोझिशन रिलेटिव्ह आणि फोटोपट्टीपेक्षा मोठा झेड-इंडेक्स द्या. यादी मागे जात नसून मधूनच कापली जात असेल, तर कारण वेगळं: वरच्या पट्टीला फ्लोट सावरण्यासाठी दिलेलं ओव्हरफ्लो हिडन. म्हणूनच मघाशी फ्लो-रूट म्हणालो.

पण खरं सांगायचं तर तुम्हाला उघडणारी यादीच नको. ती माउस वर नेल्यावर उघडते. फोनवर माउस नाही, बोट आहे, आणि बोट ‘वर नेता’ येत नाही. कुठे पहिल्या स्पर्शाला यादी उघडते, कुठे सरळ दुसरं पान उघडतं, वापरणाऱ्याला कळत नाही आपण काय केलं. ‘उपक्रम’ला सरळ एक पान करा आणि त्यावर व्याख्यानमाला, बालविभाग, दिवाळी अंक योजना यांचे दुवे ठळक द्या. फोनवर तीन आडव्या रेघांचं चिन्ह ठेवायचं असेल तर त्याशेजारी ‘मेनू’ हा शब्दही लिहा. साठी ओलांडलेल्या अनेक वाचकांना त्या तीन रेघा म्हणजे नक्षी वाटते.

इथे मला जरा जास्त थांबावंसं वाटतं. तुमच्या मेनूतली नावं अशी: मुख्यपृष्ठ, इतिहास, उद्दिष्टे, अध्यक्षांचे मनोगत, कार्यकारिणी, माजी पदाधिकारी, उपक्रम, छायाचित्रे, संपर्क. नऊपैकी पाच संस्था स्वतःबद्दल सांगते. साइट उघडणारा माणूस मात्र काहीतरी विचारायला आलेला असतो. वाचनालय आज किती वाजेपर्यंत उघडं आहे? अनामत किती, महिन्याची वर्गणी किती? अभ्यासिकेत जागा आहे का? स्पर्धा परीक्षांची पुस्तकं मिळतात का? दिवाळी अंक योजनेचे पैसे कधीपर्यंत भरायचे? यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मेनूत दिसत नाही. वेळ शोधायला ‘संपर्क’वर जावं लागतं, आणि तिथे ती एका फोटोतल्या फलकावर आहे. फोटोतला मजकूर शोधात सापडत नाही, मोठा केला की धूसर होतो, त्यातला फोन नंबर दाबून लावता येत नाही.

संस्थेच्या इतिहासाबद्दल मला आदर आहे. ज्यांनी वर्गण्या गोळा करून वाचनालय उभं केलं त्यांची नावं साइटवर असलीच पाहिजेत. ‘आमच्याविषयी’ या एका पानाखाली इतिहास, उद्दिष्टं, कार्यकारिणी, माजी पदाधिकारी सन्मानानं मांडा. मेनूत मात्र वेळ व वर्गणी, पुस्तकं, अभ्यासिका, उपक्रम, आमच्याविषयी, संपर्क असे सहा शब्द पुरेत. आजची वेळ आणि साप्ताहिक सुट्टीचा वार पहिल्या पानाच्या माथ्यावर, मजकूर म्हणून. कार्यकारिणीत यावरून चर्चा होईल. तेव्हा मतं मांडत बसू नका. पाच सभासदांच्या हातात फोन द्या, ‘अभ्यासिका रविवारी उघडी असते का ते शोधा’ म्हणा आणि गप्प बसून बघा. मदत करायची नाही. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं, की पाच जणांच्या चाचणीतच बहुतेक अडचणी समोर येतात. माझा अनुभवही तसाच आहे, तिसऱ्या माणसालाच चित्र स्पष्ट होतं.

मराठी साइट म्हणून काही गोष्टी, ज्या इंग्रजी मार्गदर्शनात तुम्हाला मिळणार नाहीत. मेनूच्या पट्टीला ठरावीक उंची आणि लाइन-हाइट १ दिली असेल तर ‘वर्गणी’चा रफार आणि वेलांटी वर कापली जाते, ‘पुस्तकं’चा उकार खाली. देवनागरीला रोमनपेक्षा उभी जागा जास्त लागते. मजकुराला लाइन-हाइट १.७ च्या आसपास ठेवा, पट्टीची उंची ठरवून न देता वरखाली पॅडिंग द्या. लेटर-स्पेसिंग शून्य ठेवा. इंग्रजी शीर्षकाला ते शोभतं, आपल्याकडे त्यानं शिरोरेषा तुटते आणि अक्षरं सुटी सुटी लोंबकळतात. पानाच्या पहिल्या टॅगमध्ये भाषा म्हणून मराठीचं चिन्ह, म्हणजे एमआर, द्या. त्यामुळे वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला मराठी आवाज निवडता येतो, आणि ज्या फाँटांत सोय आहे त्यांत आपला पाकळीचा ल आणि देठाचा श दिसतो.

तुमचं ‘नियमावली’चं पान फोनवर इंग्रजी अक्षरांचा कचरा दाखवतं, कारण ते युनिकोडआधीच्या (सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंकेताआधीच्या) फाँटात टाइप केलेलं आहे. असे फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवत. फाँट ज्याच्याकडे नाही त्याला मूळ इंग्रजी अक्षरंच दिसतात. ते कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि मग डोळ्यांखालून घाला, जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात. हे काम तुमच्याइतकं नीट दुसरं कोणी करणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा बदल. मेनू तेवीस पानांत तेवीसदा लिहिलेला आहे तोवर तो पुन्हा बिघडणारच. कोणीतरी बावीस पानांत नाव बदलेल आणि एक राहील. बहुतेक साध्या होस्टिंगवर पीएचपी, म्हणजे सर्व्हरवर पान जोडून देणारी भाषा, चालतं. मेनू एका वेगळ्या फाइलीत ठेवायचा आणि प्रत्येक पानात इन्क्लूडची एक ओळ लिहायची, तळपट्टीचंही तसंच. पुढे एका फाइलीत बदल केला की सगळीकडे होतो. मात्र पानांच्या नावाचा शेवट एचटीएमएलऐवजी पीएचपी होईल, आणि लोकांनी जपून ठेवलेले जुने दुवे तुटतील. ते नव्या पत्त्यावर वळवायला एचटीअ‍ॅक्सेस या सर्व्हरला सूचना देणाऱ्या फाइलीत एक नियम लागतो. तो होस्टिंगवाल्यांच्या मदतकक्षाकडून लिहून घ्या आणि त्यांना ‘३०१ पुनर्निर्देशन’ हा शब्द सांगा. हे करण्याआधी त्या मुलाला एक फोन करा. दुरुस्तीसाठी नव्हे, डोमेन कोणाच्या नावावर आहे आणि नूतनीकरणाचा मेल कोणाला जातो ते विचारायला. तो वैयक्तिक मेल असेल तर आधी तो वाचनालयाच्या नावे करून घ्या.

काम रविवारांवर वाटा. या रविवारी प्रत घेणं, व्ह्यूपोर्ट आणि बॉर्डर-बॉक्स. पुढच्या रविवारी नकाशा, तक्ते, फोटोंची नावं. तिसऱ्या रविवारी मेनूची एक फाइल. मेनूतली नावं बदलणं शेवटी ठेवा, कारण त्याला बैठक लागेल. लाल रेघांनंतरही एखादं पान सरकत राहिलं, तर ३६० रुंदीवर त्या रेघांसकट पानाचं चित्र काढून इथेच टाका, आणि सोबत त्या पानाचा पत्ता. मी बघतो.